वाळूजची पाळी आणि वॉशिंग्टनचे दहावे कलम

वाळूज औद्योगिक वसाहतीत पाळी बदलण्याच्या वेळी पुणे रस्त्यावर काही काळ दुचाकी आणि कंपन्यांच्या बसगाड्या यांखेरीज काही दिसत नाही. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, बजाजनगर, पंढरपूर (विठोबाचे नव्हे, वाळूजचे) या वस्त्यांतील भाड्याच्या खोल्यांतून एक तुकडी निघते आणि दुसरी परतते. अनेक खोल्यांत एकाच अंथरुणावर दोन पाळ्यांची माणसे आळीपाळीने झोपतात. दिवसाचे तीन सारखे भाग करणारी ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कधीतरी कोणीतरी भांडून मिळवली असेल असे मनातही येत नाही.

३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. तीन महिन्यांतील जादा कामाची, म्हणजे वाळूजच्या भाषेत ‘ओटी’ची, मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचे ठरले. त्यासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असेही सांगण्यात आले. समर्थकांनी जागतिक स्पर्धेचा दाखला दिला, विरोधकांनी जागतिक मानकांचा. दोन्ही बाजूंनी ‘जागतिक’ हा शब्द असा वापरला की जणू तो आकाशातून पडतो.

तो आकाशातून पडत नाही. जागतिक धोरण ठरते तेव्हा त्या टेबलाभोवती कोणाचे हितसंबंध बसलेले असतात आणि कोणाचा विचार तेथवर पोहोचलेला असतो, यावर त्याची अक्षरे ठरतात. ज्या समाजाचा स्वतःचा विचार त्या टेबलापाशी पोहोचत नाही, त्याच्या वाट्याला नियम येत नाही, अपवाद येतो. हे विधान कठोर वाटेल, पण कामाच्या तासांचा इतिहास नेमके हेच सांगतो.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहातून आंतरराष्ट्रीय श्रम संघटना जन्माला आली. तिची पहिली परिषद ऑक्टोबर १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरली आणि तिने केलेला पहिलाच करार होता कामाच्या तासांचा : दिवसाला ८, आठवड्याला ४८. जगातील कामगार चळवळींनी कित्येक दशके मागितलेली गोष्ट प्रथमच आंतरराष्ट्रीय कराराच्या भाषेत उतरली. युरोपातील मालकवर्गाला रशियातील क्रांतीची धास्ती होती, हेही त्यामागचे एक कारण. भीती हादेखील धोरणाचा एक जुना लेखनिक आहे.

मात्र त्याच करारात नववे कलम जपानसाठी वेगळे होते, अकरावे सांगत होते की चीन, इराण आणि सयाम यांना हा करार लागू नाही, आणि दहावे कलम होते ब्रिटिश हिंदुस्थानासाठी. तेथे आठवड्याचे ४८ नव्हे तर ६० तास, तेही कारखाना कायद्याखाली येणारे उद्योग, खाणी आणि रेल्वेच्या काही शाखा एवढ्यांपुरतेच. बाकी करार हिंदुस्थानास लागू नाही. तास आणखी कमी करण्याचा विचार ‘पुढील एखाद्या परिषदेत’ केला जाईल.

या अपवादाला आधार होता तो तहातच लिहून ठेवलेल्या एका तरतुदीचा : हवामान, औद्योगिक संघटनेची अपुरी वाढ किंवा इतर विशेष परिस्थिती यांमुळे ज्या देशांची स्थिती भिन्न आहे, त्यांचा वेगळा विचार व्हावा. त्याच तहात श्रम ही केवळ विकाऊ वस्तू मानली जाऊ नये, असेही तत्त्व आहे. म्हणजे श्रम वस्तू नाही हे मान्य. फक्त उष्ण हवामानात त्याचे माप जरा वेगळे. वसाहतवादी राजकीय विचार असा सरळ वाक्यात क्वचितच सापडतो. बहुधा तो अपवादाच्या कलमात असतो.

त्या परिषदेत हिंदुस्थानच्या बाजूने कोण बसले होते हेही पाहण्यासारखे आहे. सरकारतर्फे लुई केर्शॉ आणि अतुल चॅटर्जी. मालकांतर्फे अलेक्झांडर मरे, कलकत्त्याच्या ज्यूट उद्योगातील ब्रिटिश गृहस्थ. आणि कामगारांतर्फे नारायण मल्हार जोशी, कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे सदस्य आणि मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक. जोशी कामगारांचे प्रतिनिधी होते खरे, पण त्यांना कामगारांनी निवडलेले नव्हते. सरकारने नेमले होते. निवडणार तरी कोण? देशात अखिल भारतीय अशी एकही कामगार संघटना नव्हती.

हा पेच पुढच्याच वर्षी सुटला, आणि तोही आंतरराष्ट्रीय नियमामुळे. तहाच्या अटीनुसार कामगार प्रतिनिधी हा सर्वांत प्रातिनिधिक संघटनांशी सहमत होऊन नेमायचा होता. तेव्हा संघटना हवीच. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, त्यामागे हे एक महत्त्वाचे निमित्त होते. जागतिक धोरण स्थानिक राजकारणाला केवळ दडपते असे म्हणणाऱ्यांनी ही घटना लक्षात घ्यावी. टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या एका रिकाम्या खुर्चीने इथे संघटना उभी करायला भाग पाडले.

येथे एक गंमत नोंदवावी. हिंदुस्थानने हा करार १९२१ मध्येच मंजूर केला. ब्रिटनने तो आजतागायत मंजूर केलेला नाही. परिषदेचे यजमान असलेली अमेरिका तर १९३४ पर्यंत संघटनेची सदस्यही नव्हती.

आणि वाळूज? १९१९ मध्ये वाळूज निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. दहावे कलम ‘ब्रिटिश इंडिया’पुरते. औरंगाबाद शहरात १८८९ पासून कापडगिरणी होती, पण तिथला कामगार जगाच्या नियमाबाहेर होताच, जगाच्या अपवादाबाहेरही होता.

आता पस्तीस वर्षे मागे जायला हवे, कारण वॉशिंग्टनमध्ये जो विचार मांडायला संघटित आवाज नव्हता तो मुंबईत आधीच मांडून झाला होता. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. त्यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन कारखाना आयोगाकडे दिले. मागण्या अगदी नेमक्या होत्या. रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत वेतन.

या मागण्यांचे मोल कळण्यासाठी तेव्हाची जागतिक बाजू पाहावी लागते. हिंदुस्थानात कारखाना कायदा व्हावा म्हणून सर्वाधिक आग्रह धरणाऱ्यांत लँकेशायरचे गिरणीमालक होते. मुंबईच्या गिरण्या स्वस्तात कापड काढतात, त्यांचे तास कमी झाले की मँचेस्टरचा माल विकला जाईल, हा हिशेब लपून राहिला नव्हता. त्यामुळे राष्ट्रवादी नेतृत्वातील पुष्कळांनी आणि त्यांच्या वृत्तपत्रांनी कारखाना कायद्याला विरोध केला. कायदा म्हणजे परकी कावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो खोटा नव्हता. अपुरा होता.

कारण लँकेशायरला काय हवे हा एक प्रश्न झाला. परळच्या चाळीतील बाईला काय हवे हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सापडले की दुसरा विचारण्याची गरज नाही, असे तत्कालीन राष्ट्रवादाला वाटले. लोखंडे यांना तसे वाटले नाही, आणि याचे कारण त्यांच्या राजकीय विचारात आहे. सत्यशोधकांनी ‘राष्ट्र’ या शब्दाच्या आतला उच्चनीचभाव आधीच उलगडून दाखवला होता. देशी मालक देशी आहे म्हणून कामगाराचा सखा होत नाही, हे ज्याला फुल्यांकडून कळले होते त्याला मँचेस्टरच्या स्वार्थाची भीती दाखवून गप्प करणे शक्य नव्हते. लोखंडे यांनी परकीय दबावाने उघडलेले दार पाहिले आणि त्यातून आपल्या मागण्या आत नेल्या. जागतिक धोरणाशी वागण्याची याहून शहाणी रीत मराठी राजकारणाने पुढे फार वेळा दाखवली नाही, असे मत येथे नोंदवण्यास हरकत नसावी.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोडदौडीच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने ती देशभरच्या कारखान्यांना लागू झाली. प्रौढ पुरुषांच्या तासांना मात्र १९११ पर्यंत कायद्याची कोणतीही मर्यादा नव्हती, आणि त्या वर्षी आली तीही कापडगिरण्यांपुरती १२ तासांची.

पुढचे आकडे भराभर सांगता येतील. १९२२ च्या कायद्याने दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास (दहाव्या कलमाची अंमलबजावणी). १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत १० आणि ५४. मधल्या काळात १९२८ चा मुंबईतील सहा महिन्यांचा गिरणी संप आणि ना. म. जोशी ज्याचे सदस्य होते तो शाही श्रम आयोग. या संपाच्या काळातच डॉ. आंबेडकरांनी एक प्रश्न विचारला, जो जिनिव्हात कोणाला सुचणे शक्य नव्हते : अस्पृश्य कामगारांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात प्रवेश का नाही? धागा तुटला की तो तोंडाने ओला करून जोडावा लागे, आणि विटाळ तेथे आड येई. तास सर्वांना सारखे झाले तरी खाती सारखी होत नाहीत, ही गोष्ट कोणत्याही जागतिक मसुद्यात नव्हती. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला, वाळूजपासून शंभरेक किलोमीटरवर, रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू सांगितले. त्यातील एकच निवडून घेण्याची सोय दोन्हीकडच्या अनुयायांनी नंतर करून घेतली.

जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम सदस्य झाले. त्यांच्याबद्दल समाजमाध्यमांवर एक वाक्य दरवर्षी फिरते : त्यांनी कामाचे तास १४ वरून ८ केले. हेतू चांगला असला तरी तपशील सैल आहे. १९४२ मध्ये बारमाही कारखान्यांना १९३४ च्या कायद्याची १० आणि ५४ तासांची मर्यादा लागू होती. त्यांनी मांडलेल्या विधेयकातून झालेल्या १९४६ च्या दुरुस्तीने ती ९ आणि ४८ वर आणली, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने तीच कायम ठेवली. आठवड्याचे ४८ तास सहा दिवसांत वाटले की आठ होतात. पाळीचे आठ तास असे आले. सांगण्यासारखी गोष्ट यात अधिक मोठी आहे. वॉशिंग्टनने ‘पुढील एखाद्या परिषदेवर’ सोडलेला प्रश्न तिथल्या कोणत्या परिषदेत नव्हे, दिल्लीत सुटला. सत्तावीस वर्षांनी.

आंबेडकरांनी जिनिव्हाकडे पाठ फिरवली होती असे मात्र नाही. सरकार, मालक आणि कामगार या तिघांना एकत्र बसवण्याची आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची रीत त्यांच्याच काळात, १९४२ पासून, त्रिपक्षीय श्रम परिषदांच्या रूपाने येथे रुजली. साचा बाहेरचा होता. त्यात ओतलेला विचार त्यांचा होता.

तो विचार आजच्या ‘लेखी संमती’च्या संदर्भात पुन्हा वाचावा असा आहे. सप्टेंबर १९४३ मध्ये दिल्लीत कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात बोलताना त्यांनी संसदीय लोकशाहीवर टीका केली ती याच मुद्द्यावर : तिने कराराच्या स्वातंत्र्याला पवित्र मानले, पण करार करणारे दोघे असमान असतील तर काय होते हे पाहिले नाही. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यात ते आणखी पुढे गेले. बेकार माणसापुढे तासांची हमी नसलेली नोकरी आणि त्याचे हक्क यांतून निवड ठेवली, तर तो काय निवडेल याविषयी त्यांना शंका नव्हती. भुकेपुढे संमतीचा अर्थ काय उरतो, हा त्यांचा प्रश्न होता.

वाळूजमध्ये तो पुस्तकी राहत नाही. इथे कामाला येणारा तरुण बहुधा जालना, बीड, परभणीकडचा किंवा बिहार-उत्तर प्रदेशातला असतो. ठेकेदाराच्या नोंदीवर असतो. कंपनीच्या फाटकातून आत जातो, पण कंपनीचा नसतो. त्याच्यासमोर संमतीचा कागद आला तर नाही म्हणण्याची किंमत काय, हे त्याला आणि ठेकेदाराला दोघांनाही ठाऊक असते. जादा तासांना दुप्पट वेतन हा कायदा आहेच. आणि पुष्कळांना ओटी हवीही असते, हे लपवू नये. मूळ पगारात खोलीचे भाडे, गावाकडचे पैसे आणि गाडीचा हप्ता भागत नसेल तर माणूस ओटी मागणारच. पण तेवढ्यावरून तो स्वेच्छेने बारा तास निवडतो असे म्हणणे म्हणजे पगाराचा प्रश्न तासांच्या रकान्यात लिहिणे होय.

वाळूज ही वसाहतच मुळात एका विचाराची निर्मिती आहे. उद्योग मुंबई-पुण्यातच दाटू नयेत, मागास भागात जावेत, म्हणून महाराष्ट्राने १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापले आणि १९६४ पासून प्रोत्साहन योजना आणली. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि गंगापूर तालुक्यातील कोरडवाहू गावांचे रूप पालटले. प्रादेशिक समतोल हा तेव्हाचा राजकीय शब्द होता. मराठवाड्याचा अनुशेष हा विधिमंडळातील जिवंत वाद होता. आज त्याच जिल्ह्यात शेंद्रा-बिडकीनचे ऑरिक शहर दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याचा भाग म्हणून उभे आहे, आणि त्याची भाषा गुंतवणूक, क्रमवारी व स्पर्धात्मकता ही आहे. जागा तीच, विचार बदललेला.

क्रमवारीचेच उदाहरण घ्यावे. जागतिक बँकेचा ‘डुइंग बिझनेस’ अहवाल देशांना व्यवसायसुलभतेचे गुण देई. भारत २०१४ मध्ये १४२ व्या क्रमांकावर होता, शेवटच्या अहवालात ६३ वर पोहोचला. २०१५ पासून राज्यांचीही अशी क्रमवारी लागू लागली. या अहवालात एके काळी कामगार नेमण्या-काढण्याच्या सुलभतेचाही निर्देशांक होता. काढणे जितके सोपे तितके गुण अधिक. कामगार संघटनांच्या टीकेनंतर तो गुणांकनातून वगळला गेला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आकडेवारीतील गैरप्रकार उघड झाल्यावर बँकेने संपूर्ण अहवालच बंद केला. अहवाल गेला. त्याने शिकवलेली सवय मंत्रालयांत राहिली. कोणी निवडून न दिलेला एक राजकीय विचार आकड्याच्या वेषात आला, म्हणून त्याच्याशी कोणी वाद घातला नाही.

वाद घालता येत नाही असे नाही. तमिळनाडूने एप्रिल २०२३ मध्ये बारा तासांची वाट मोकळी करणारे विधेयक विधानसभेत संमत केले. कामगार संघटनांनी आणि सत्ताधारी द्रमुकच्या मित्रपक्षांनीही विरोध केला. १ मे २०२३ रोजी मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी ते मागे घेतल्याचे जाहीर केले. सिंगारवेलर यांनी मद्रासमध्ये देशातला पहिला कामगार दिन साजरा केल्याला त्या दिवशी बरोबर शंभर वर्षे होत होती. गुंतवणुकीची गरज त्या राज्यालाही होती, स्पर्धा त्यालाही होती. तिथे सत्तेच्या आत बसलेल्यांकडे या प्रश्नाला उत्तर देणारी राजकीय भाषा शिल्लक होती.

महाराष्ट्रात ती होती. लोखंडे, जोशी, आंबेडकर ही नावे याच राज्याची, आणि १ मे हा तर राज्याचाच वर्धापनदिन. त्या दिवशी कामगार दिनही असतो हे सरकारी जाहिरातींच्या तळाशी लहान अक्षरांत आढळते. सप्टेंबर २०२५ च्या निर्णयानंतर विरोध झालाच नाही असे नव्हे, संघटनांनी तो केला. पण विधिमंडळातील कोणत्याही मोठ्या पक्षाने तो आपल्या राजकारणाचा मध्यवर्ती प्रश्न केला नाही. १४ एप्रिलला वाळूज परिसरात निळे झेंडे लागतात, ते लावणाऱ्यांत कंत्राटी कामगार मोठ्या संख्येने असतात, आणि भाषणांत संविधानाचे शिल्पकार येतात. श्रम सदस्य आंबेडकर क्वचितच येतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता अमलात आल्या आणि १९४८ च्या कारखाना कायद्याची जागा त्यांतील एका संहितेने घेतली.

वॉशिंग्टनचा तो करार मात्र अजून आहे. हिंदुस्थानने १९२१ मध्ये दिलेली मंजुरी नोंदीवर आहे, आणि करारात दहावे कलमही जसेच्या तसे आहे : ‘ब्रिटिश इंडिया’, आठवड्याला साठ तास, पुढील विचार पुढील एखाद्या परिषदेत.